काशीत एकट्याने गोल्फ

बनारस रेल्वे स्थानकाजवळ (पूर्वीचे मंडुवाडीह) रेल्वेचा इंजिन कारखाना आहे. १९५६ साली त्याची पायाभरणी झाली आणि १९६४ मध्ये पहिले डिझेल इंजिन बाहेर पडले. २०२० पासून त्याला ‘बनारस लोकोमोटिव्ह वर्क्स’ म्हणतात. या कारखान्याच्या झाडांनी भरलेल्या वसाहतीत गोल्फचे मैदानही आहे. रेल्वे आणि लष्कराने राखलेली अशी मैदाने आपल्याकडे अनेक शहरांत आहेत. आलिशान क्लबांपेक्षा ती साधी, म्हणूनच मला जास्त आपली वाटतात.

मात्र ही वसाहत कर्मचाऱ्यांची आहे. पाहुण्यांना कधी खेळू देतात आणि शुल्क किती, हे आधी फोनवर विचारावे व ओळखपत्र जवळ ठेवावे. नियमाने १४ स्टिक चालतात, पण रेल्वेप्रवासात पाच-सहा पुरेत.

अनोळखी मैदानावर पहिला खर्च कॅडीवर करावा. ग्रीनचा उतार कुठे फसवा आहे, हे त्याला रोजच्या पायपिटीतून ठाऊक असते. सुरुवातीलाच स्थानिक नियम विचारून घ्यावेत. पांढऱ्या खुंट्यांपलीकडे चेंडू गेला तर एक दंडाचा फटका धरून आधीच्याच जागेवरून पुन्हा मारावा लागतो. हरवलेला चेंडू शोधायला २०१९ पासून तीनच मिनिटे मिळतात. एकटा खेळाडू भरभर पुढे सरकतो. पुढच्या चौकडीने वाट दिली तरच ओलांडावे, घाई लावू नये. डिसेंबर-जानेवारीत सकाळी दाट धुके असते, तेव्हा दुपारची वेळ मागावी.