बॅटरीत साठा किती? व्होल्टवर जाऊ नका, मोजून घ्या!

कापडाचा तागा घेताना आपण पन्हा पाहतो आणि लांबी वेगळी मोजून घेतो. पन्हा पूर्ण आहे म्हणून मीटरही पूर्ण भरतील, असे कोणताही व्यापारी मानत नाही. इन्व्हर्टरची बॅटरी घेताना मात्र आपले दुकानदार व कारागीर बांधव हीच चूक करतात. मीटर लावला, आकडा १२.६ व्होल्ट दिसला, की पैसे मोजून मोकळे होतात.

आम्हीही असेच फसलो. रमजानच्या अखेरच्या दिवसांत, तरावीहनंतर दुकान गिऱ्हाइकांनी भरलेले असताना वीज गेली. दुरुस्त केलेली म्हणून घेतलेली १०० अॅम्पिअर-अवरची बॅटरी अर्ध्या तासात बसली. विकणाऱ्याने व्होल्टेज दाखवले होते आणि ते खरेही होते. साठा किती, हे आम्ही विचारलेच नव्हते.

व्होल्टेज म्हणजे पन्हा, अॅम्पिअर-अवर म्हणजे लांबी. बॅटरी जुनी झाली की शिशाच्या प्लेटांवरील मसाला झडतो, उरलेल्यावर सल्फेट घट्ट बसते. जेवढा भाग शाबूत असतो, तो चार्ज केल्यावर व्होल्टेज पूर्ण दाखवतो. पण वीज थोडीच साठवतो.

१०० अॅम्पिअर-अवर, सी-२० असे लिहिलेले असेल, तर ५ अॅम्पिअरचा भार २० तास चालला पाहिजे. ५० अॅम्पिअरचा भार लावला तर दोन तास निघतील, असा हिशेब करू नये. भार वाढला की साठा कमी भरतो, बॅटरी बरीच आधी बसते.

तपासणीची रीत अशी:

१) बॅटरी पूर्ण चार्ज करा. सहाही खान्यांत हायड्रोमीटर घालून पाहा. एखाद्या खान्याचा आकडा इतरांपेक्षा ०.०५० ने कमी असेल, तर तो खाना कमजोर समजावा.

२) इन्व्हर्टर व चार्जर सोडवून बॅटरीला काही तास विश्रांती द्या.

३) १०० अॅम्पिअर-अवरच्या बॅटरीला मोटारीचा १२ व्होल्ट, ६० वॅटचा दिवा जोडा. तो सुमारे ५ अॅम्पिअर खेचतो. दिवा फार तापतो. कापडापासून दूर ठेवा.

४) फजरनंतर सुरुवात करा. दर तासाला व्होल्ट व अॅम्पिअर वहीत लिहा. व्होल्टेज ११.५ च्या खाली आले की दर दहा मिनिटांनी पाहा. १०.५ वर दिवा काढा.

५) तासांचे अॅम्पिअर बेरीज करा. बेरीज ७० आली, तर १०० ची बॅटरी ७० चीच उरली. ८० टक्क्यांच्या खाली गेलेली बॅटरी बदलण्याच्या वाटेवर आहे, असे सर्वसाधारणपणे धरतात.

६) लगेच पुन्हा चार्ज करा. रिकामी ठेवल्यास सल्फेट घट्ट होते. ही तपासणी वर्षातून एकदा पुरे. वारंवार केल्यास बॅटरीचेच आयुष्य घटते.

खिडकी उघडी ठेवा, कारण चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन वायू निघतो. जवळ बिडी-काडी नको. चष्मा, रबरी हातमोजे घाला, अंगठी-घड्याळ काढा. तेजाब उडाल्यास भरपूर पाण्याने धुवा. पाणी कमी असेल तर डिस्टिल्ड वॉटरच घाला, वरून तेजाब नको.

दुकानातला मिनिटभराचा टेस्टर कमजोर बॅटरी हेरायला उपयोगी आहे. पण तो साठा मोजत नाही, अंदाज देतो.

जुन्या बॅटऱ्या विकणाऱ्या बांधवांनाही आमची विनंती आहे. मापात कमी देणाऱ्यांना कुरआनात सक्त ताकीद आहे, आणि मालातला ऐब लपवून विकणे आपल्या दीनमध्ये जायज नाही. अॅम्पिअर-अवर हेही मापच आहे. तपासून जो आकडा आला तो पावतीवर लिहून द्या. घेणाऱ्यानेही तो मागून घ्यावा. दोन पैसे कमी मिळतील, पण गिऱ्हाईक परत येईल आणि कमाईत बरकत राहील.