नवे स्पीकर घेण्याआधी जुने हलवून बघा

चौलच्या घरी बाबांनी निवृत्तीनंतर हौसेने बुकशेल्फ स्पीकरची जोडी घेतली होती. रोज संध्याकाळी नाट्यसंगीत लागायचं. मग हळूहळू बंदच झालं. मे महिन्यात घरी गेलो तेव्हा कारण विचारलं, तर म्हणाले, "शब्दच नीट कळत नाहीत रे. कान गेले माझे."

अलिबागला कान तपासून घेतले. वयाप्रमाणे थोडं कमी ऐकू येतं, पण एवढंही नाही. मग माझं लक्ष स्पीकरकडे गेलं. रंगकामानंतर एक शोकेसवर कोपऱ्यात आणि दुसरा टीव्हीशेजारी जमिनीवर गेला होता. तिथे ठेवणारा मीच!

आता गंमत बघा. स्टिरिओमध्ये गायकाचा आवाज दोन स्पीकरच्या मधोमध येतो, पण तिथे तर काहीच नसतं. दोन्ही बाजूंनी तोच आवाज एकाच वेळी, सारख्याच जोराने कानावर पडला, की मेंदू गायकाला मध्ये बसवतो. ॲलन ब्लुमलाइन या ब्रिटिश इंजिनिअरने १९३१ मध्ये स्टिरिओच्या पेटंटसाठी अर्ज केला, तेव्हापासून सगळा डोलारा याच फसवणुकीवर उभा आहे. आणि ती फार नाजूक असते. आपल्या उकाड्यात आवाज सेकंदाला साधारण ३५० मीटर जातो, म्हणजे एक मिलिसेकंदात ३५ सेंटिमीटर. एक स्पीकर तुमच्यापासून तेवढाच जवळ असला, तरी मधला गायक सरळ त्या स्पीकरमध्ये जाऊन बसतो. बाबांच्या खुर्चीपासूनचा फरक मी टेपने मोजला. जवळजवळ एक मीटर!

म्हणून पहिलं काम त्रिकोणाचं. दोन स्पीकरमध्ये दोन मीटर अंतर ठेवलं आणि खुर्चीही दोघांपासून तेवढ्याच अंतरावर. स्पीकर कोपऱ्यातून काढून भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे आणले, कारण भिंत आणि त्यातही कोपरा खर्जाचा आवाज फुगवतो आणि त्यात शब्द बुडतात. ट्वीटर, म्हणजे वरच्या पट्टीचा छोटा स्पीकर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर हवा. त्यासाठी स्टँड विकत घ्यायची गरज पडली नाही. परसात जांभ्याचे चिरे पडलेले होते. तीन-तीन रचले, वर रबराचा तुकडा. हलायचं नाव नाही.

मग कोन. वरच्या पट्टीचे आवाज टॉर्चच्या झोतासारखे समोर जातात आणि शब्दांमधले स, श, त, क तिथेच असतात. स्पीकर अगदी सरळ ठेवले तर हा झोत आपल्या बाजूने निघून जातो. दोन्ही थोडे आत वळवा, नेम डोक्याच्या किंचित मागे धरा. आवाज टोचायला लागला तर थोडे परत उघडा. आमच्याकडे आई शेजारी झोपाळ्यावर बसते, म्हणून मी नेम खुर्चीच्या थोडा पुढे आणला. त्यामुळे आईच्या जवळचा स्पीकर तिच्यापासून तोंड फिरवतो आणि लांबचा तिच्याकडे बघतो. जवळचा जोर कमी, लांबचा जास्त. वेळेचा तोटा काही अंशी असा भरून निघतो.

तपासायला फोन पुरे. सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटीत 'मोनो ऑडिओ' चालू करून एकट्या माणसाचं बोलणं लावा. आवाज बरोबर मधून यायला हवा. आमच्याकडे तो कुठूनच येत नव्हता, नुसता पोकळ पसरलेला. बघतो तर एका स्पीकरची लाल-काळी वायर उलट. तीही मीच जोडलेली, अर्थात.

राहिल्या भिंती. गुळगुळीत भिंत आणि फरशी आवाज जसाच्या तसा परतवतात. बाबांना खुर्चीत बसवलं आणि माझा फोन स्क्रीन बंद करून आरशासारखा बाजूच्या भिंतीवर सरकवत नेला. त्यांना त्यात जिथे स्पीकर दिसला, तिथूनच त्याचा आवाज आपटून त्यांच्याकडे येत होता. तिथे जाड गोधडी टांगली. खर्ज तिला जुमानत नाही, पण वरचा खणखणाट बराच उतरला.

त्या संध्याकाळी बाबा एकच पद तीनदा ऐकत बसले. चौथ्यांदा लावताना म्हणाले, "हा पेटीवाला इतके दिवस कुठे होता?"

गोधडी पावसाळ्यात आईने परत नेली. तिथे आता पुस्तकांचं उघडं कपाट आहे, त्यानेही काम भागतं.