उंदीर बरे झाले, मग माणसं का नाहीत?

माझ्या धाकट्या जावेनं वर्तमानपत्रातलं एक कात्रण पर्समध्ये जपून ठेवलं होतं. आतड्याच्या कॅन्सरचे उंदीर एका इंजेक्शनानं बरे झाले, अशी बातमी. तिच्या वडिलांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघालाय. "वहिनी, हे इंजेक्शन मुंबईला मिळेल का हो? लागेल तर पाटल्या मोडीन," म्हणाली. तिला काय सांगायचं म्हणून मीच वाचायला बसले.

वाड्यात चोर शिरला, की एक बाई ओरडते आणि चार घरची माणसं काठ्या घेऊन धावतात. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशीही अशाच हाका मारतात. ही हाक म्हणजे एक प्रथिन. शास्त्रज्ञ त्याला सायटोकाइन म्हणतात. १९५७ साली लंडनमध्ये इंटरफेरॉन सापडलं, १९७६ साली अमेरिकेत इंटरल्युकिन-२. ही हाकच बाहेरून टोचली तर शरीर कॅन्सरवर धावून जाईल का, हा प्रश्न.

प्रयोगाचे उंदीर आपल्याला वाटतात तसे पांढरे नव्हेत, चांगले काळेभोर असतात. रसायन देऊन त्या जातीच्या उंदरात मोठ्या आतड्याचा कॅन्सर उत्पन्न केला, आणि त्याच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवत ठेवल्या. एमसी-३८ हे त्यांचं नाव. त्या पेशी प्लीहेत टोचल्या की रक्तावाटे यकृतात जाऊन गाठी धरतात. माणसातही आतड्याचा कॅन्सर पसरतो तो बहुधा आधी यकृतातच.

डॉ. स्टीव्हन रोझेनबर्ग यांनी १९८६ साली अशाच उंदरांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. गाठीत शिरलेल्या पांढऱ्या पेशी काढून इंटरल्युकिन-२ मध्ये वाढवल्या, पुन्हा उंदराला दिल्या. जोडीला एक केमोथेरपीचं औषध आणि इंटरल्युकिन-२ ची इंजेक्शनं. यकृतात गाठी असलेले उंदीर शंभर टक्क्यांपर्यंत बरे झाले, फुप्फुसात गाठी असलेले पन्नास टक्क्यांपर्यंत. वाचताना माझ्याही अंगावर काटा आला.

मग घोडं अडलं कुठं? एक तर उंदराची गाठ काही दिवसांची, आणि माणसाची कैक वर्षं आत वाढलेली. शिवाय एमसी-३८ च्या पेशींत जनुकांचे बिघाड इतके, की पांढऱ्या पेशींना चोर चटकन ओळखू येतो. माणसांत पसरलेल्या आतड्याच्या कॅन्सरपैकी शंभरात जेमतेम चार-पाच या प्रकारचे असतात. बाकीचे साळसूदपणे घरच्यासारखेच दिसतात.

आणि औषधाची धग निराळीच. इंटरल्युकिन-२ शरीरात फार वेळ टिकत नाही, म्हणून मोठे डोस दर आठ तासांनी द्यायचे. त्यानं बारीक रक्तवाहिन्या पाझरू लागतात, रक्तदाब कोसळतो, फुप्फुसांत पाणी होतं. अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली ती १९९२ साली मूत्रपिंडाच्या आणि १९९८ साली त्वचेच्या एका कॅन्सरसाठी. आतड्याच्या कॅन्सरसाठी नाही. इंटरल्युकिन-१२ ची गोष्ट याहून वाईट. उंदरांत ते फार गुणकारी ठरलं, पण १९९५ साली माणसांवरच्या चाचणीत दोन रुग्ण दगावले. आधीच्या चाचणीत एक डोस देऊन दोन आठवडे थांबले होते. या वेळी तो पहिला डोस गाळला होता. त्या एका डोसानं शरीर सावरतं, हे मागाहून प्राण्यांवर तपासून कळलं. आता हे प्रथिन गाठीपाशीच कसं थांबेल, याची खटपट चालू आहे.

हे सगळं जावेला सांगितलं, तेव्हा ती हिरमुसली. पण एक कामाची गोष्टही हाती लागली होती. ते बिघाडवाले चार-पाच जण ओळखायची तपासणी आहे, एमएसआय नावाची. काढलेल्या तुकड्यावरच ती होते. अशा रुग्णांना पांढऱ्या पेशींचा ब्रेक सोडवणारी दुसरी औषधं लागू पडतात. २०२२ साली न्यूयॉर्कमध्ये याच प्रकारच्या गुदाशयाच्या कॅन्सरचे बारा रुग्ण अशा औषधानं गाठमुक्त झाल्याचं प्रसिद्ध झालं. बाराच्या बारा!

तिच्या वडिलांनी सात महिने रक्त पडतंय ते मूळव्याध म्हणून अंगावर काढलं होतं. सुनेला सांगायची लाज वाटली म्हणे. ते असो. परवा ती डॉक्टरांकडे जाऊन तेवढंच विचारून आली. तुकडा तपासणीला गेलाय, रिपोर्ट गुरुवारी मिळेल. पाटल्या अजून हातात आहेत.