बरणीतले भांडवल आणि त्याचे वारस

वैशाखाच्या उन्हात वर्षाची बेगमी करणे हा महाराष्ट्रातील कुटुंबांचा एक अलिखित अर्थसंकल्पच होता. कोकणात आगोटीपूर्वी आमसुले, आंबापोळी, फणसपोळी आणि सुकी मासळी डब्यांत जाऊन बसे. खानदेशात ज्वारीचे बिबडे, विदर्भात मुगाच्या वड्या व सरगुंडे, देशावर सांडगे, कुरडया, शेवया. आणि सर्वत्र कैरीचे लोणचे. पीक हंगामी आणि भूक बारमाही, ही विसंगती मिटविण्याचा तो घरगुती उपाय होता.

या अर्थसंकल्पातील बहुतेक कलमे आता बाजाराकडे गेली आहेत. त्याबद्दल उसासे टाकण्याचे कारण नाही. नोकरी करणाऱ्या स्त्रीला एका दिवसाच्या वेतनात वर्षभराचे लोणचे विकत घेता येत असेल, तर तिने दोन दिवस कैऱ्या चिरण्यात घालवावेत असा आग्रह कोणत्याही अर्थशास्त्राला धरता येणार नाही. तेव्हा लोणचे घरी घालावे की विकत आणावे, हा वाद फारसा महत्त्वाचा नाही. महत्त्वाचा प्रश्न हा की, अन्न टिकविण्याचे जे ज्ञान घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांच्या हाती आहे, ते मुला-नातवंडांच्या आणि भाचरांच्या हाती जाणार की त्यांच्याबरोबरच संपणार?

न वापरल्याने झिजणारे भांडवल

यंत्र वापरल्याने झिजते. कौशल्य न वापरल्याने झिजते. शिवाय यंत्राचे आराखडे कागदावर राहतात, या कौशल्याचा मोठा भाग कागदावर कधी उतरलेलाच नाही. कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने १९७० मध्ये वाटी-चमच्याची प्रमाणे देऊन नवशिक्या गृहिणींची मोठी सोय केली, हे खरे. परंतु प्रमाण म्हणजे प्रक्रिया नव्हे. कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजवावा व रोज पाणी बदलावे, हे पुस्तक सांगेल. मात्र शिजणारा चीक सोऱ्यात भरण्याजोगा झाला आहे, हे त्याच्या चकाकीवरून आणि ओल्या बोटाला तो चिकटत नाही यावरून ओळखण्यासाठी जाणत्या व्यक्तीच्या शेजारी उभेच राहावे लागते. फोडी किती कोरड्या हव्यात, फोडणी किती निवाल्यावर ओतावी, पापडाचे पीठ किती कुटावे, हे सारे नजरेचे आणि स्पर्शाचे निर्णय आहेत. एका पिढीचा खंड पडला, तर ते पुन्हा जुळविणे कठीण.

अशा ज्ञानाला आर्थिक मूल्य नसते, हा समज चुकीचा आहे. मार्च १९५९ मध्ये मुंबईत गिरगावातील सात स्त्रियांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास प्रारंभ केला आणि त्यातून ‘लिज्जत’ ही संस्था उभी राहिली. त्या ऐंशी रुपयांचे कौतुक पुष्कळ झाले. परंतु खरे भांडवल त्या सात जणींच्या हातांत होते, आणि ते कोणत्याही प्रशिक्षण केंद्राने दिलेले नव्हते. घरातल्या पोळपाटावर ते विनामूल्य साठत आले होते. आज खेडोपाडीचे महिला बचत गट पापड, लोणची, मसाले यांवर उभे राहतात, तेही याच साठ्यातून उचल करून. साठ्यात भर घालणारे हात थांबले, तर ही उचल किती काळ चालेल?

ग्राहक म्हणूनही या ज्ञानाचा उपयोग आहे. मे २०२३ मध्ये भाव न मिळाल्यामुळे नाशिक भागातील शेतकऱ्यांनी टोमॅटो रस्त्यावर ओतले. त्याच वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये अनेक शहरांत टोमॅटोने किलोमागे शंभर रुपयांची मजल केव्हाच ओलांडली होती. घरगुती साठवणुकीने असे चढउतार थांबतील असे म्हणणे भोळेपणाचे होईल. त्यासाठी शीतगृहे आणि प्रक्रिया उद्योगच हवेत. तथापि स्वस्ताईत चार किलो टोमॅटो वाळवून वा आटवून ठेवू शकणारे घर महागाईपुढे तितके असहाय नसते, एवढे निश्चित.

हिशेबाबाहेरचे श्रम

मग तरुण पिढी हे शिकत का नाही? आळस आणि मोबाईल यांना दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. वास्तविक या विद्येच्या अंगाला एक अन्याय चिकटलेला आहे, आणि तरुणींनी तो अचूक ओळखला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या राष्ट्रीय लेखापद्धतीनुसार घरच्यांसाठी स्वयंपाक करणे उत्पादनाच्या व्याख्येबाहेर आहे. फळे वाळवून किंवा बरणीत भरून टिकविणे मात्र त्या व्याख्येत बसते. पण आपल्याकडील रोजगारविषयक पाहण्यांत स्वतःच्या घरासाठी केलेल्या अशा प्रक्रियेला आर्थिक काम मानले जात नाही. उन्हात बसून पापड घालणारी स्त्री ‘गृहकर्तव्ये’ या सदरात जाते. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देत होत्या आणि पुरुष ९७. २०२४ च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ झाले. दोघांची मिनिटे थोडी घटली, विषमता होती तेथेच राहिली.

याच्या जोडीला विटाळाची कल्पना. मासिक पाळीतील स्त्रीचा हात लागला की लोणचे नासते, हे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले. त्याला शास्त्रीय आधार नाही. लोणचे नासते ते ओल्या चमच्याने आणि कमी पडलेल्या मिठाने. ज्या मुलीने विद्येबरोबर हा अपमानही घ्यावा अशी अपेक्षा केली गेली, तिने दोन्ही नाकारले, यात नवल ते काय? म्हणून हे ज्ञान पुढे न्यायचे असेल, तर ते ‘मुलीच्या जातीला यायलाच हवे’ या भाषेत सांगून चालणार नाही. पाटावरच्या शेवयांसमोर नातीइतकाच नातूही बसला पाहिजे, आणि गच्चीवरची वाळवणे राखण्यापुरतीच त्याची गरज आहे, असे मानणे सोडले पाहिजे.

काय शिकवावे?

दुसरी सुधारणा शिकविण्याच्या रीतीत हवी. ‘असेच करतात’ हे उत्तर आजच्या मुलांना पुरत नाही, आणि पुरू नयेही. सूक्ष्मजीवांना वाढण्यास पाणी लागते. ऊन ते उडवून लावते, मीठ आणि साखर ते बांधून ठेवतात, आंबटपणा उरलेल्यांना आवर घालतो. एवढी तत्त्वे समजली की आजीच्या प्रत्येक ‘शास्त्रा’ची परीक्षा करता येते. त्यातील बहुतेक उत्तीर्ण होतात, काही होत नाहीत. तेलाचा थर हवेला अडवतो, जंतू मारत नाही. म्हणून मीठ किंवा लिंबाचा रस पुरेसा न घालता नुसत्या तेलात ठेवलेला लसूण धोक्याचा ठरू शकतो. हवाबंद जागी विष निर्माण करणाऱ्या एका जिवाणूचे बीजाणू उकळत्या पाण्यातही तग धरतात. आम्लता पुरेशी, म्हणजे पीएच ४.६ च्या खाली असली, तर त्यांची वाढ थांबते. टोमॅटो या सीमेच्या आसपास असल्याने तो बाटलीत भरताना लिंबू घालणे शहाणपणाचे. शेंगदाण्याला किंवा मिरचीला बुरशी आली, तर ती झटकून जिन्नस वापरणे चूक. बुरशीचे विष आत उतरलेले असू शकते. हे कळलेले मूल बाजारातील बरणीवरचे लेबलही डोळसपणे वाचेल.

याला फार वेळ लागतो असेही नाही. मे महिन्याच्या सुटीतले दोन दिवस, अर्धा किलो कैऱ्या, तराजू आणि वही पुरे. आजीने मूठ टाकावी, नातवंडाने ती तोलून लिहावी. ‘अंदाज’ हा शब्द ग्रॅममध्ये उतरला की तो दुसऱ्या घरीही जाऊ शकतो. गच्ची नसलेल्या सदनिकेत ऊन मर्यादित आणि वळीव अनिश्चित. तेथे वाळवणाऐवजी लिंबाचे लोणचे किंवा मोरांबा शिकवावा. वर्षभराची बेगमी होणे हा यातला हेतूच नाही.

शेताची वाटणी केली की तुकडे पडतात, दागिन्यांची केली की भावंडांत वितुष्ट येते. हे भांडवल कितीही जणांत वाटले तरी देणाऱ्याकडचे कमी होत नाही. मात्र त्याला मृत्युपत्र चालत नाही. ते हयातीतच द्यावे लागते आणि वारसाला ते शेजारी बसून घ्यावे लागते. ज्या घरांत अजून कोणी देणारे आहे, त्या घरांनी येणारा उन्हाळा वाया दवडू नये.