रंजक-पटल वायु-अभिज्ञातक

विषारी वायूच्या संपर्काने रंजकद्रव्याच्या पातळ थराच्या रंगात होणारा बदल प्रकाशाच्या साहाय्याने मोजून त्या वायूचे अस्तित्व व प्रमाण ठरविणारे साधन.

या कामी नाक भरवशाचे नाही. हायड्रोजन सल्फाइडाचा कुजक्या अंड्यासारखा वास हवेच्या दशलक्ष भागांत एक भागाहून कमी वायू असतानाही येतो. परंतु हे प्रमाण सु. १०० भागांपलीकडे गेले की घ्राणेंद्रिय बधिर होते व वास थांबला म्हणजे धोका टळला, असा घातक समज होतो. साखर, मद्यार्क व तेल यांचे कारखाने असलेल्या नांदेड-लातूर भागात सांडपाण्याच्या बंदिस्त टाक्यांत हा वायू साचू शकतो. लातूर येथे जानेवारी २०१७ मध्ये तेल कारखान्यातील टाकी साफ करताना अनेक कामगार विषारी वायूने मरण पावले.

लेड ॲसिटेटात भिजविलेला कागद या वायूने काळा पडतो, ही जुनी कसोटी होय. मात्र तो कागद एकदाच उपयोगी पडतो. पॉर्फिरीन वर्गातील रंजकांत बदल पुष्कळदा परतविता येतो. हीमोग्लोबिनातील रंजक याच वर्गातील आहे. नायट्रोजन डाय-ऑक्साइडाचे रेणू पॉर्फिरिनाकडून इलेक्ट्रॉन ओढून घेतात, त्यामुळे त्याचा शोषण वर्णपट बदलतो. पटल किंचित तापविल्यास वायू निघून जाऊन मूळ रंग परत येतो. शीतगृहांत वापरल्या जाणाऱ्या अमोनियाने ब्रोमोक्रेसॉल पर्पलचे पिवळे पटल जांभळे होते.

पटल पातळ का असावे? वायू त्यात विसरणाने शिरतो व त्यास लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. जाडी एक-दशांश केल्यास प्रतिसाद सु. शंभरपट जलद मिळतो. उलट, अतिपातळ पटलातील रंगबदल डोळ्यांना दिसत नाही, म्हणून प्रकाश-उत्सर्जक डायोड व प्रकाशविद्युत् घट योजावे लागतात. अर्व्हिंग लँगम्यूर व कॅथरिन ब्लॉजेट यांच्या पद्धतीने पाण्यावर पसरलेला एकरेणवीय थर काचेवर उचलून असे पटल थरावर थर देत बनविता येते.

आर्द्रता ही मोठी अडचण आहे. अमोनियासंवेदी पटलास थोडे पाणी लागतेच. त्यामुळे मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात व पावसाळ्यात एकाच पटलाची मापने जुळतीलच असे नाही. उन्हाने रंजक विटते, ते वेगळेच. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असल्याने अभिज्ञातक दोरीने टाकीच्या तळापर्यंत सोडणे आवश्यक असते. ऑक्सिजनाची उणीव मात्र अशा पटलावर दिसत नाही. ती स्वतंत्रपणे मोजावी लागते.