विश्वातील धूळ आणि डॉ. जयंत नारळीकर

धूळ म्हणजे काय, हे बारामती-इंदापूर भागातील माणसाला सांगण्याची गरज नाही. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्याखालचा पट्टा सोडून जिरायती गावांकडे वळले की वैशाखात वावटळी उठतात, एस.टी.तून उतरणाऱ्याच्या भुवया पांढऱ्या झालेल्या असतात, आणि गळीत हंगामात कारखान्याच्या धुराड्यातून उडालेली काजळी दोरीवरच्या धुतल्या कपड्यांवर येऊन बसते. ही सगळी झाडून टाकायची धूळ. परंतु याच धुळीची दूरची भावकी आकाशात असते, ती ताऱ्यांच्या पोटी जन्मते, आणि तिच्यावाचून विश्वाचा हिशेब कोणालाच नीट मांडता येत नाही, असे जर कोणी सांगितले तर? मी कला शाखेचा विद्यार्थी. भौतिकशास्त्राशी माझा संबंध दहावीच्या परीक्षेबरोबर संपला. तरीही या विषयावर लिहिण्याचे धाडस करतो, कारण ज्या शास्त्रज्ञामुळे मला तो थोडाफार उमगला, त्यांनी तो आपल्या मराठीत सांगून ठेवला आहे.

आधी धुळीविषयी. ताऱ्यांच्या मधली जागा रिकामी असते असा आपला समज असतो. तिथे अतिशय विरळ वायू असतो आणि त्यात मिसळलेले घन कण असतात. वस्तुमानाने पाहिले तर ते या सामग्रीच्या शंभरात एक भाग एवढेच. एकेक कण मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढा, म्हणजे विडीच्या धुरातील कणाच्या जातीचा. त्यांत कार्बन असतो, वाळूत सापडतात तशी सिलिकेट संयुगे असतात, थंड जागी त्यांवर बर्फाचे लेपही चढतात. म्हाताऱ्या फुगलेल्या ताऱ्यांच्या बाहेरच्या थरांतून वायू सुटतो, थंड होतो आणि त्याची काजळी धरते. गुऱ्हाळाच्या चुलाणावरची कढई खालून काळी होते, तोच प्रकार. फक्त चुलाण कोट्यवधी किलोमीटर रुंद असते एवढेच!

ही धूळ पाहायला दुर्बिणीची आवश्यकता नाही. इंदापूर तालुक्यात, उजनीच्या फुगवट्याच्या बाजूला, दिव्यांपासून दूर एखाद्या रानात उन्हाळ्याच्या उत्तररात्री उभे राहावे. हंसापासून धनू राशीपर्यंत आकाशगंगेचा पट्टा मधोमध चिरल्यासारखा दिसतो. त्या काळ्या चिरेत तारे नाहीत असे वाटते. तारे आहेत, त्यांच्या आड धूळ आहे.

या धुळीने शास्त्रज्ञांना बरीच वर्षे फसवले. धुळीच्या वावटळीतून समोरून येणाऱ्या गाडीचे दिवे मंद दिसतात आणि गाडी आहे त्यापेक्षा लांब वाटते. ताऱ्यांच्या अंतरांचेही तसेच होत होते. १९३० साली रॉबर्ट ट्रम्प्लर यांनी तारकागुच्छांच्या अभ्यासावरून दाखवून दिले की ताऱ्यांचा प्रकाश वाटेतच गिळला जातो, आणि त्यातही निळा जास्त, तांबडा कमी. मावळतीचा सूर्य लाल दिसतो त्याची गोष्ट काहीशी अशीच आहे. गिळलेला प्रकाश मात्र नाहीसा होत नाही. दिवसा तापलेला घराचा पत्रा रात्री उशिरापर्यंत ऊब टाकत राहतो, तशी ही धूळ प्रकाश पिऊन ऊब परत देते, डोळ्यांना न दिसणाऱ्या लांब लहरींत. पत्र्याचा हा दृष्टांत वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे तोच उपयोगी पडणार आहे.

डॉ. जयंत विष्णू नारळीकर यांचा जन्म १९ जुलै १९३८ रोजी कोल्हापूरचा. बालपण गेले वाराणसीत. वडील विष्णु वासुदेव नारळीकर हे रँग्लर, बनारस हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक. आई सुमती संस्कृतच्या विदुषी. घरात फळा आणि पुस्तके होती. आमच्यासारख्यांच्या घरी पुस्तक म्हणजे पंचांग. तेव्हा हा फरक मनाशी नोंदवूनच पुढे जावे, उगाच ‘जिद्दीने काहीही साध्य होते’ असे म्हणू नये. १९५७ साली बनारसहून बी.एस्सी. होऊन ते केंब्रिजला गेले, तिथे गणितात रँग्लर झाले, टायसन पदक मिळवले, आणि फ्रेड हॉइल या जगप्रसिद्ध शास्त्रज्ञाचे शिष्य झाले.

हॉइल हे प्रवाहाविरुद्ध पोहणारे गृहस्थ. विश्व एका क्षणी महास्फोटातून निर्माण झाले हे त्यांना मान्य नव्हते. १९४८ साली बाँडी व गोल्ड यांच्यासह त्यांनी स्थिर विश्वाचा सिद्धांत मांडला होता: विश्व प्रसरण पावते, पण नवे द्रव्य सतत निर्माण होत राहिल्याने त्याचे रूप कायम राहते. केंब्रिजमध्येच मार्टिन राइल यांनी रेडिओ-उगमांच्या मोजणीवरून या सिद्धांतावर हल्ला चढवला. १९६१ साली लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीत हॉइल यांच्या बाजूने उत्तर द्यायला उभा राहिला तो त्यांचा बावीस वर्षांचा भारतीय विद्यार्थी. आपल्याकडे तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले तरी आपली बोबडी वळते, हे आठवून पाहावे. १९६३ मध्ये ते पीएच.डी. झाले, १९६४ मध्ये हॉइल-नारळीकर गुरुत्वाकर्षण सिद्धांत जाहीर झाला आणि १९६५ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षाच्या आत, पद्मभूषण.

आणि त्याच १९६५ साली आभाळ कोसळावे तशी एक बातमी आली. अमेरिकेत पेन्झियस आणि विल्सन यांना आकाशाच्या सर्व दिशांकडून सारखीच येणारी एक मंद ऊब सापडली. तापमान अंदाजे उणे २७० अंश सेल्सिअस, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या जेमतेम तीन अंश वर. महास्फोटवाद्यांनी म्हटले, ही त्या आदिम भट्टीची उरलेली धग. बहुतेक शास्त्रज्ञांना ते पटले आणि स्थिर विश्वाचे दुकान बंद झाले असे सर्वांनी धरून चालले.

नारळीकरांनी येथे धूळ हाती घेतली. १९६७ साली त्यांनी आणि चंद्रा विक्रमसिंघे यांनी ‘नेचर’मध्ये लेख लिहिला. विक्रमसिंघे हे श्रीलंकेचे, हॉइल यांचेच शिष्य, आणि अंतराळातील धूळ हा तर त्यांचा जन्माचा विषय. पत्र्याचा दृष्टांत येथे आठवावा. ताऱ्यांनी आजवर ओतलेला सगळा प्रकाश जर धुळीने पिऊन पुन्हा पुन्हा ऊब म्हणून परत टाकला, तर अखेरीस सर्वत्र एकसारखी मंद ऊब पसरेल. विश्वातील हेलियम ताऱ्यांनीच तयार केला असे मानले, तर त्यातून सुटलेली ऊर्जा जवळजवळ तेवढेच तापमान देते. मग ही धग आदिम भट्टीचीच कशावरून?

अडचण एवढीच की साधी धूळ या कामाला चालत नाही. गोल बारीक कण लांब सूक्ष्मलहरींना दाद देत नाहीत. लहरी त्यांना वळसा घालून निघून जातात. त्यासाठी कण लांबट हवा, जुन्या रेडिओच्या एरियलच्या काडीसारखा. धातूची वाफ सावकाश थंड केली तर अशा केसासारख्या काड्या धरतात, हे प्रयोगशाळेत दिसले होते. तेव्हा अतिनवताऱ्यांच्या स्फोटांतून बाहेर पडलेल्या लोहाच्या वाफेच्याही अशा काड्या होत असतील: लांबी सुमारे एक मिलिमीटर, जाडी तिच्या लाखाव्या हिश्शाच्या आसपास. दीर्घिकांच्या मधल्या पोकळीत त्या अगदी विरळ असल्या तरी भागते. १९९३ साली हॉइल, जेफ्री बर्बिज आणि नारळीकर यांनी जुना सिद्धांत सुधारून पुन्हा मांडला. त्यात विश्व फुगते, आक्रसते, पुन्हा फुगते. या इमारतीचा भार ज्या खांबावर होता, तो खांब म्हणजे या लोखंडी काड्या. १९९८ साली दूरचे अतिनवतारे अपेक्षेपेक्षा मंद दिसतात असे आढळले. जगाने निष्कर्ष काढला की विश्वाच्या प्रसरणाचा वेग वाढत आहे. नारळीकर आणि सहकाऱ्यांनी दाखवले की वाटेतल्या काड्यांनीही तो मंदपणा समजावता येतो.

हे मी घरी सांगत होतो तेव्हा आजी म्हणाली, “हितं धूळ झाडाया मानसं पुरंनात, आन् ह्यो धूळ शिकाया विलायतेला गेला व्हय?” मी म्हटले, गेला आणि परतही आला. १९७२ साली ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले, आणि १९८८ मध्ये पुणे विद्यापीठाच्या आवारात त्यांच्या संचालकत्वाखाली ‘आयुका’ उभी राहिली.

टाटा संस्थेतील त्यांच्या एका विद्यार्थ्याबद्दल येथे लिहिल्यावाचून राहवत नाही. नारायणचंद्र राणा. बंगालमधील मेदिनीपूर जिल्ह्यातल्या सौरी या खेड्यातला गरीब घरचा मुलगा. शाळेतल्या शिक्षकाने आकाशाची गोडी लावली. त्याच्या प्रबंधाचा विषय हाच, दीर्घिकांमधली धूळ. हृदयविकार जन्माची सोबत करीत होता. पुढे हे राणा आयुकात आले, हौशी आकाशनिरीक्षकांसाठी राबले, १९९५ च्या खग्रास सूर्यग्रहणात विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन त्यांनी सूर्याचा व्यास मोजण्याचा उद्योग केला, आणि १९९६ साली अवघ्या एक्केचाळिसाव्या वर्षी गेले. प्रमोद जोग यांच्यासह त्यांनी लिहिलेले अभिजात यामिकीचे पाठ्यपुस्तक आपल्या विज्ञान शाखेच्या मित्रांना पुढच्या वर्गांत भेटेल. तेव्हा मुखपृष्ठावरचे नाव जरा थांबून वाचावे, एवढीच विनंती.

मराठीच्या विद्यार्थ्यांना नारळीकर ठाऊक असतात ते विज्ञानकथांमुळे. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला १९७४ साली त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने, म्हणजे स्वतःची आद्याक्षरे उलटी करून. नावाकडे पाहून बक्षीस नको होते. बक्षीस मिळालेच. मुले स्वाक्षरी मागायला आली की ते म्हणत, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली सही मिळेल. माझ्या मते या दोन्ही गोष्टी आणि लोखंडी काड्या यांत एकच स्वभाव दिसतो: नावावर काही मिळवायचे नाही, जे काही ठरायचे ते मजकुरावर.

म्हणूनच त्यांच्या सिद्धांताचे काय झाले हेही आडपडदा न ठेवता लिहिले पाहिजे. ते बहुसंख्य शास्त्रज्ञांनी स्वीकारले नाही. आक्षेप दोन. काड्यांनी ऊब एकसारखी करायची तर त्यांनी सूक्ष्मलहरी अडवल्या पाहिजेत. मग अतिदूरचे रेडिओ-उगम आपल्याला दिसतात कसे? यावर काड्यांचे प्रमाण जपून धरावे लागते. दुसरा आक्षेप अधिक जड. त्या उबेतले बारीक चढउतार उपग्रहांनी मोजले, १९९२ पासून उत्तरोत्तर अधिक काटेकोरपणे, आणि त्यांचा नमुना महास्फोटाच्या गणिताशी फार छान जुळतो. नारळीकरांनी २००३ साली सहकाऱ्यांसह तेही आपल्या चौकटीत बसवण्याचा प्रयत्न केला. जग वळले नाही. २००८ साली अमेरिकन संशोधकांना काही अशनींत, त्यांत १९६९ साली मेक्सिकोत पडलेल्या अलेंदे अशनीतही, ग्राफाइटच्या तशा काड्या सापडल्या. अर्थात त्या आपल्या सूर्यमालेतल्या, आणि लोखंडाच्या नव्हेत. त्यावरून विश्वाचा निकाल लागत नाही.

मला येथे एक गोष्ट विशेष वाटते. आपल्याकडे बहुमताविरुद्ध उभा राहणारा माणूस पुष्कळदा असे काही बोलतो की ते तपासताच येऊ नये. नारळीकरांनी आपले म्हणणे लांबी-जाडी सांगता येईल अशा काडीवर उभे केले, म्हणजे ती मोडायचीही सोय दुसऱ्याच्या हातात दिली. फलज्योतिषाच्या बाबतीतही २००८ साली त्यांनी व सहकाऱ्यांनी वाद घालत न बसता ज्योतिष्यांपुढे पत्रिका ठेवल्या आणि किती उत्तरे बरोबर येतात ते मोजले. ४६ टक्के आली. नाणे उडवले असते तरी तेवढी येतात.

आकाशातली धूळ त्यांनी एकदा प्रत्यक्षच पकडायचे ठरवले. हॉइल आणि विक्रमसिंघे यांचे म्हणणे असे की धूमकेतूंच्या धुळीबरोबर सूक्ष्मजीवही पृथ्वीवर येत असावेत. पटो न पटो, तपासता येते! जानेवारी २००१ मध्ये हैदराबादहून इस्रोच्या सहकार्याने एक महाकाय बलून सोडण्यात आला. त्याने २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा निर्जंतुक नळकांड्यांत, अतिशीत करून, भरून आणली. २००५ साली पुन्हा एक उड्डाण झाले. त्या हवेत जिवाणूंच्या १२ आणि बुरशीच्या ६ वसाहती मिळाल्या, आणि जिवाणूंपैकी तीन जाती पूर्वी कोणी न पाहिलेल्या होत्या. २००९ साली हे जाहीर करताना इस्रोने बजावले की यावरून हे जीव पृथ्वीबाहेरचे आहेत असे ठामपणे सिद्ध होत नाही.

डॉ. नारळीकर २० मे २०२५ रोजी पुण्यात वारले. बलूनने आणलेल्या त्या तीन जातींपैकी एकीला आर्यभटाचे नाव आहे, एकीला इस्रोचे, आणि तिसरीचे नाव आहे जॅनिबॅक्टर हॉयलाय, ऑगस्ट २००१ मध्ये निवर्तलेल्या फ्रेड हॉइल यांच्यावरून.