केसाएवढ्या भोकातले ओतकाम

कोल्हापूरला धातू वितळवणे नवीन नाही. शिवाजी उद्यमनगरात ऑइल इंजिने घडली. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रींत वाहनांचे सुटे भाग ओतले जातात. साच्यातला रस कसा थंड होतो यावर जॉबचे भवितव्य ठरते, हे इथला मोल्डर अनुभवाने जाणतो. लेसरने कठीण धातूत बारीक काम करतानाही हाच प्रश्न उभा राहतो.

टायटॅनियमच्या मिश्रधातूवर टूलची धार लवकर जाते. हा मिश्रधातू साध्या पोलादाच्या जेमतेम सातव्या हिश्शाइतकी उष्णता वाहून नेतो, त्यामुळे ती टूलच्या टोकाशीच साचते. निकेलचे मिश्रधातू कापता कापता आणखी कठीण होतात. विमानाच्या इंजिनातील टर्बाइनच्या पात्यांना मात्र थंड हवेसाठी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासची तिरपी भोके लागतात. अशा ठिकाणी लेसर उपयोगी पडतो; त्याला झिजायला धारच नाही.

बारामतीत जन्मलेल्या, पुण्यात अभियांत्रिकी शिकलेल्या सी. कुमार पटेल यांनी १९६४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत कार्बन डायऑक्साइड लेसर सिद्ध केला. पत्रे कापण्यासाठी तो जगभर रुजला. पण त्याची तरंगलांबी १०.६ मायक्रोमीटर, इतका लांब तरंग फार बारीक बिंदूवर एकवटत नाही. म्हणून सूक्ष्म कामासाठी १ मायक्रोमीटरच्या आसपासचे वा त्याहून आखूड तरंगांचे लेसर वापरतात. त्यांचा प्रकाश सलग नसतो, स्पंदांनी येतो.

स्पंद लांबला की धातू वितळतो. बराचसा रस बाहेर उडतो; उरलेला भोकाच्या भिंतीवर पुन्हा गोठतो. हे नकळत झालेले ओतकामच! या थरात बारीक तडे असू शकतात, आणि तापत-निवत फिरणाऱ्या पात्यात तडा वाढत जातो.

उपाय म्हणजे स्पंद आखूड करणे. फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा दहालाखावा भाग. काहीशे फेम्टोसेकंदांचा स्पंद उष्णता आजूबाजूला पसरण्याआधीच संपतो. रस फारसा उरत नाही. असे प्रखर स्पंद घडवण्याची रीत जेरार मुरू आणि डोना स्ट्रिकलंड यांनी १९८५ मध्ये मांडली. तिला २०१८ चे नोबेल मिळाले. मात्र प्रत्येक स्पंद अगदी थोडाच धातू काढतो, म्हणून काम सावकाश होते आणि यंत्रही महाग पडते.

तेव्हा भोक गोल दिसले एवढ्याने भागत नाही. नमुना कापून, घासून, सूक्ष्मदर्शकाखाली त्याची भिंत पाहावी लागते. ओतीव जॉब फोडून आतली पोकळी शोधणाऱ्या कोल्हापूरच्या कारागिराला ही शंकेखोर नजर शिकवावी लागणार नाही. फक्त माप बदलेल.